नव्या अमेरिकेत लष्करी अधिकारी व्हायला लोक अर्ज कसे करायचे, आणि ते अर्ज आपण गोव्यात बसून कसे वाचायचे

इतिहासात एमए करणाऱ्या पोरांसाठी हे लिहितेय, आणि ज्यांना नुसतीच जुनी पत्रं वाचायची आवड आहे त्यांच्यासाठीपण. आपल्याकडं डेझर्टेशनचा विषय म्हटला की पोर्तुगीज काळ नाहीतर मुक्तिलढा, ते चांगलंच आहे, पण कुणी बाहेरच्या देशाचा विषय काढला की लगेच ऐकावं लागतं की साहित्य कुठून आणणार, अमेरिकेला जाणार काय. या विषयाला जायची गरज नाही. अमेरिकेचं प्रजासत्ताक नवं नवं होतं, म्हणजे साधारण १७७५ ते १८०२, त्या काळात ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचं होतं त्यांची पत्रं, त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी दिलेल्या शिफारशी, आणि पदं वाटणाऱ्यांनी आपसात केलेली खलबतं, यातलं भरपूर काही नेटवर फुकट आहे. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररीत बसून वाचा नाहीतर काणकोणला घरी मोबाईलवर.

आणि विषय एवढा जिवंत आहे की काय सांगू. राजा हाकलून दिला, मग आता कॅप्टन कुणी नेमायचा? इंग्लंडच्या सैन्यात पायदळ आणि घोडदळातली बरीच पदं तेव्हा पैसे भरून विकत घेता यायची, ती पद्धत १८७१ पर्यंत चालली. नव्या देशात राजा नको होता आणि पदं विकायचीपण नव्हती, तरी अधिकारी तर पाहिजेत, शत्रू दारात आहे. मग उरतं काय, तर माणसाने लिहिलेला अर्ज आणि त्याच्या बाजूने बोलणारी माणसं. या दोन गोष्टींवर एक अख्खं सैन्य उभं राहिलं, आणि ते कसं राहिलं हे त्या कागदांत दिसतं.

माझी पद्धत सांगते, तुमची वेगळी असली तरी चालेल, पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगणार, ती म्हणजे अर्जदार स्वतःबद्दल काय म्हणतोय ते नंतर वाचा, आधी त्याच्यासाठी कोण बोलतंय ते बघा. त्याकडे येतेच.

सगळ्यात आधी तारीख. पत्र उघडलं की नाव बघायच्या आधी वर्ष बघायचं, कारण कुठल्या वर्षी कुणाच्या दारात जायचं हे बदलत गेलं आणि ते माहीत नसलं तर पत्राचा अर्थच लागत नाही. १५ जून १७७५ ला काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, वॉशिंग्टनला सरसेनापती निवडलं, त्याच महिन्यात चार मेजर जनरल आणि आठ ब्रिगेडियर जनरल निवडले. जनरल लोक काँग्रेस नेमणार, पण रेजिमेंटमधले कर्नलपर्यंतचे अधिकारी मुख्यतः राज्यं नेमणार, अशी ती वाटणी. मिलिशियात, म्हणजे गावोगावच्या नागरिकांच्या हंगामी फौजेत, तर कितीतरी ठिकाणी शिपाईच आपला कॅप्टन निवडायचे, आणि कुठं कुठं तू एवढी माणसं भरती करून आण मग तुला एवढं पद असाही हिशोब असायचा. म्हणून १७७६ चा एखादा तरुण वॉशिंग्टनला पत्र लिहितोय आणि वॉशिंग्टन त्याला काहीच ठोस देत नाहीये असं दिसलं तर लगेच तो कठोर आहे असं धरू नका, बऱ्याच वेळा ते पद द्यायचं त्याच्या हातातच नव्हतं.

इंग्लंडविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध, म्हणजे क्रांती, संपल्यावर तर सैन्यच उरलं नाही. जून १७८४ मध्ये काँग्रेसने ठरवलं की फक्त ८० माणसं ठेवायची, २५ फोर्ट पिटला आणि ५५ वेस्ट पॉइंटला दारूगोळा सांभाळायला, बाकी सगळे घरी. लगेच मग चार राज्यांकडून ७०० माणसं मागितली, जोसायाह हारमार त्यांचा प्रमुख. या काळातले कागद थोडे आणि उदास आहेत, थकलेला पगार, वचन दिलेलं अर्धवेतन, म्हणजे निवृत्तांना अर्धा पगार, घर चालत नाही, असं सगळं. पटकन पुढं जा.

१७८९ पासून राज्यघटना लागू झाली आणि रस्ता बदलला: राष्ट्राध्यक्ष नाव सुचवणार, सिनेट संमती देणार, मग राष्ट्राध्यक्षाच्या सहीचं कमिशन, म्हणजे नेमणुकीचं पत्र, हातात पडणार. युद्धखातं ७ ऑगस्ट १७८९ ला स्थापन झालं, पहिला मंत्री हेन्री नॉक्स, जो क्रांतीच्या आधी बोस्टनात पुस्तकांचं दुकान चालवायचा आणि तोफखान्याचा प्रमुख होऊन बसला. आता अर्ज राष्ट्राध्यक्ष झालेल्या वॉशिंग्टनकडं किंवा नॉक्सकडं, नाहीतर आपल्या राज्याच्या सिनेटरमार्फत.

आणि शेवटी १७९८. फ्रान्सशी युद्ध होणार असं वातावरण झालं, काँग्रेसने जुलैत बारा नव्या पायदळ रेजिमेंट मंजूर केल्या, निवृत्त झालेल्या वॉशिंग्टनला माउंट व्हर्ननच्या घरून परत बोलावून लेफ्टनंट जनरल केलं, आणि एकदम शेकडो जागा निघाल्या. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कागद भरपूर आहेत, काळ छोटा आहे, आणि मागणारे, शिफारस करणारे, निवडणारे असे तिन्ही बाजूंचे लोक बोलताना ऐकू येतात.

आता कुठं शोधायचं. पहिलं ठिकाण फाउंडर्स ऑनलाइन, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजची साइट, २०१३ पासून खुली, पैसे लागत नाहीत. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन यांचा पत्रव्यवहार टाइप केलेला आहे, म्हणजे जुनं हस्ताक्षर लावत बसायचं नाही. नुसता कमिशन शब्द टाकून सर्च केलंत तर हजारो पत्रं येतील आणि तुम्ही पहिल्याच दिवशी कंटाळाल. त्यापेक्षा पत्र मिळणाऱ्याच्या जागी वॉशिंग्टन घ्या, तारीख जुलै ते डिसेंबर १७९८ लावा, आणि मग ओळीने वाचत जा. पत्राच्या खाली संपादकांच्या टिपा असतात त्या सोडू नका, हा माणूस कोण, आधी काय होता, त्याला पुढं पद मिळालं का, हे त्यात बऱ्याचदा एका ओळीत दिलेलं असतं.

दुसरं ठिकाण पेपर्स ऑफ द वॉर डिपार्टमेंट, जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास केंद्राची साइट, आणि हिच्यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ८ नोव्हेंबर १८०० च्या रात्री युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि तोपर्यंतचं जवळजवळ सगळं दप्तर जळून गेलं, अर्ज, याद्या, सगळं. मग दोनशे वर्षांनी अभ्यासकांनी काय केलं, तर खात्यातून जी पत्रं बाहेर गेली होती आणि बाहेरच्यांनी खात्याला पाठवलेल्या पत्रांच्या ज्या नकला स्वतःजवळ ठेवल्या होत्या, त्या ठिकठिकाणच्या संग्रहांतून शोधून शोधून ते दप्तर परत जुळवत आणलं. आपल्याकडं पणजीच्या पुराभिलेख खात्यात मोडी आणि पोर्तुगीज कागदांची वाळवीशी, दमटपणाशी चाललेली झुंज ज्यांनी बघितलीय त्यांना या कामाची किंमत सांगायला नको.

तिसरं, लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले वॉशिंग्टनचे कागद, तिथं मूळ पानांचे फोटो आहेत आणि १७८९ नंतरच्या पदासाठीच्या अर्जांचा वेगळा गठ्ठाच आहे. हे हस्ताक्षरात आहे, एस कधी कधी एफसारखा दिसतो, संक्षेप फार. आधी छापील वाचा, डोळा बसू द्या, मग इकडं या.

बरं, आता पत्र समोर आहे. मायना आणि शेवटची ओळ सोडून द्यायची. आपल्या जुन्या पत्रांत कसं साष्टांग नमस्कार विनंती विशेष लिहिलं म्हणजे माणूस खरोखर जमिनीवर आडवा झालेला नसतो, तसंच त्यांच्या आज्ञाधारक सेवक वगैरेचं आहे, त्यावरून लाचारी काढू नका. सुरुवातीची माफीपण बहुतेकांची ठरलेली, आपल्या कामात व्यत्यय आणतोय क्षमा असावी. त्याच्यानंतर खरं पत्र सुरू होतं.

मधल्या भागात दावे असतात. जुने लोक म्हणतात मी अमुक लढाईत होतो, जखमी झालो, कैदेत होतो, युद्धात माझी मालमत्ता गेली, मुलं एवढी आहेत. तरुण लोक म्हणतात माझ्या वडिलांनी सेवा केली, मी शिकलेला आहे, देश धोक्यात आहे म्हणून मला स्वस्थ बसवत नाही. हे सगळं खरं असू शकतं, पण सगळेच हे म्हणतात, त्यामुळं निवडणाऱ्याला यातून फार काही कळत नसे आणि आपल्यालाही कळत नाही. दोन जागा मात्र पेन्सिलने खूण करून ठेवा. एक, तो कुठलं पद मागतोय. आपण ठरवाल ते पद द्या म्हणणारा वेगळा, आणि क्रांतीत माझं जे पद होतं त्याच्या खाली मी येणार नाही म्हणणारा वेगळा, १७९८ मध्ये या दुसऱ्या प्रकाराने निवडणाऱ्यांच्या डोक्याला खूप ताप दिला. दोन, तो कुणाकुणाची नावं घेतोय.

हां, इथं आलो. शिफारस.

गोव्यात आपल्याला हे समजावून सांगायला नको, घरात कुणाचं तरी काम अडलं की आधी ओळख कुणाची आहे हे विचारलं जातं. पण म्हणून शिफारस दिसली की वशिला म्हणून नाक मुरडू नका, थांबा जरा. त्या काळात परीक्षा नव्हती, गुणपत्रिका नव्हती, फोटोसुद्धा नव्हता, जॉर्जियातला माणूस कसा आहे हे तेव्हाच्या राजधानीत, फिलाडेल्फियात, बसलेल्याला कळायचं कसं? त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी आपलं नाव पणाला लावून सांगितलं तरच. म्हणून प्रत्येक शिफारशीला तीन प्रश्न विचारा: हा त्याला स्वतः ओळखतो की ऐकीव सांगतोय, शिफारस करणाऱ्यांत एकाच घरातले आणि एकाच गावातले किती आहेत, आणि तो नेमका कुठला गुण सांगतोय. नुसतं चांगल्या घरचा आहे म्हटलं की पाणी मुरतंय असं समजा. याने अमुक वेळी तुकडी नीट सांभाळली असं म्हटलं तर ते वजनदार.

शिफारस किती पुढं नेऊ शकते आणि कुठं अडकते याची उदाहरणं घ्या. जेम्स मनरो, पुढं पाचवा राष्ट्राध्यक्ष झाला तो, ट्रेंटनच्या लढाईत डिसेंबर १७७६ मध्ये गोळी लागलेला शूर पोरगा, १७७९ मध्ये त्याच्याजवळ खुद्द वॉशिंग्टनचं शिफारसपत्र होतं. व्हर्जिनियाने त्याला लेफ्टनंट कर्नल केलं. पण हाताखाली द्यायला माणसंच भरती होईनात, त्यामुळं कमिशन खिशात आणि रेजिमेंट नाही, शेवटी तो जेफरसनच्या हाताखाली कायदा शिकायला गेला. उलट्या बाजूला स्टॉयबेन, प्रशियाहून आलेला अधिकारी. फ्रँकलिनने पॅरिसहून पत्र दिलं त्यात तो प्रशियाच्या राजाच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल होता असं लिहिलेलं, प्रत्यक्षात तो तिथं कॅप्टन होता. पण त्याने आल्या आल्या पद मागितलं नाही, आधी काम करतो मग बघा म्हणाला, फेब्रुवारी १७७८ ला व्हॅली फोर्जच्या छावणीत पोचून त्या फाटक्या सैन्याला कवायत शिकवली, आणि मे महिन्यात काँग्रेसने त्याला इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे सैन्याच्या कवायतीचा आणि शिस्तीचा प्रमुख, केलं. पत्र फुगवलेलं, काम खरं. माझ्या मते या अख्ख्या विषयात अर्ज करायची सगळ्यात हुशार रीत हीच होती.

कारण त्याच्या आधीच्या परदेशी पाहुण्यांनी वाट लावली होती. काँग्रेसचा प्रतिनिधी सायलस डीन पॅरिसमध्ये बसून फ्रेंच अधिकाऱ्यांना मोठमोठ्या पदांची वचनं देत सुटला, त्यातल्या द्यू कुद्रेला तर मेजर जनरल करून तोफखाना द्यायचं कबूल केलं, म्हणजे नॉक्सच्या डोक्यावर. १७७७ च्या उन्हाळ्यात नॉक्स, ग्रीन आणि सलिव्हन या तिन्ही जनरलांनी राजीनाम्याची भाषा केली. पत्रांत परदेशी माणसांबद्दल कडवट सूर दिसला तर हे मागचं कारण धरून वाचा.

ज्येष्ठता हा दुसरा मोठा विषय, आणि इथं खरंच वेळ काढा. आपल्याला वाटतं पद मिळालं की झालं, त्यांना मात्र कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर हे जिव्हारी लागायचं. फेब्रुवारी १७७७ ला काँग्रेसने पाच जणांना मेजर जनरल केलं, ते सगळे कनेक्टिकटच्या ब्रिगेडियर बेनेडिक्ट अर्नोल्डपेक्षा कनिष्ठ होते. का, तर प्रत्येक राज्याने किती सैनिक दिले त्या प्रमाणात जनरल वाटायचं ठरवलेलं आणि कनेक्टिकटचे दोन आधीच झाले होते. अर्नोल्डला बढती मे महिन्यात मिळाली, ज्येष्ठता मिळायला साराटोगाची लढाई आणि मोडलेला पाय लागला, आणि १७८० मध्ये तो शत्रूला जाऊन मिळाला. फितुरीला त्याच्या कर्जापासून इतरही कारणं होती, फक्त हे एकच धरून बसू नका. पण राज्यवार कोटा ही कल्पना पत्रांत सगळीकडं आहे, म्हणून प्रत्येक अर्जदाराचं राज्य वहीत लिहून ठेवा. १७९८ मध्ये तर सगळ्यात वरतीच हे भांडण झालं. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स, त्याला क्रांतीतल्या ज्येष्ठतेने नॉक्स वर हवा होता, वॉशिंग्टनला आपला जुना सहायक हॅमिल्टन, वॉशिंग्टनने पद सोडायचा इशारा दिल्यावर अ‍ॅडम्स नमला, आणि नॉक्स, जो एकेकाळी हॅमिल्टनपेक्षा कितीतरी वर होता, त्याने येणंच नाकारलं. त्याची त्या काळातली पत्रं वाचताना मला अजून वाईट वाटतं.

निवडणाऱ्यांची बाजू बघायला दोन कागद जरूर काढा. एक मार्च १७९२ चा. त्याच्या आधीच्या नोव्हेंबरात जनरल सेंट क्लेअरच्या सैन्याचा तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून भयंकर पराभव झाला होता, सहाशेहून जास्त माणसं गेली, नवा सेनापती निवडायचा होता. वॉशिंग्टनने एकेका जुन्या जनरलबद्दल आपलं मत लिहून काढलं, कोण प्रामाणिक पण तब्येतीने खचलेला, कोण धाडसी पण खर्चाला आवर नसलेला आणि स्तुतीला भुलणारा. हा दुसरा म्हणजे अँथनी वेन, आणि शेवटी त्यालाच नेमलं, आणि त्याने १७९४ ला फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. दोष माहीत असून निवड कशी करतात याचा इतका उघड कागद क्वचित मिळतो.

दुसरा म्हणजे १७९८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या उमेदवारांच्या राज्यवार याद्या. वॉशिंग्टन आणि त्याचे दोन मेजर जनरल, हॅमिल्टन आणि पिंकनी, फिलाडेल्फियात जवळजवळ पाच आठवडे अर्जांचे गठ्ठे उपसत बसले होते, त्या याद्यांत नावापुढं छोटे छोटे शेरे आहेत. आणि तिथंच राजकारण दिसायला लागतं, विरोधी पक्षाचा आहे एवढ्यावर माणूस मागं पडतो. हे मला टोचतं, लपवत नाही. ज्या वॉशिंग्टनने १७८९ मध्ये पुतण्या बुशरॉडला वकिलीचं सरकारी पद द्यायला साफ नकार दिला होता, त्याच्याच घरातला सावत्र नातू कस्टिस या वेळच्या सैन्यात कॉर्नेट झाला, आणि भाचा लॉरेन्स लुइस कॅप्टन. कॉर्नेट म्हणजे घोडदळातलं सगळ्यात खालचं अधिकारीपद, हेही लक्षात घ्या आणि मगच मत बनवा. उलट अ‍ॅडम्सने आपल्या जावयाचं, विल्यम स्टीफन्स स्मिथचं, नाव अ‍ॅडज्युटंट जनरल, म्हणजे सैन्याचा मुख्य प्रशासकीय अधिकारी, म्हणून पाठवलं तेव्हा सिनेटने ते फेटाळलं. म्हणजे सिनेटची चाळणी नुसती कागदावर नव्हती. पुढं १८०१ ला जेफरसन राष्ट्राध्यक्ष होऊन आल्यावर त्याचा सेक्रेटरी मेरिवेदर लुइसने सगळ्या अधिकाऱ्यांची यादी करून प्रत्येकापुढं खुणा केल्या, कोण लायक, कोण नाही, कोण कुठल्या पक्षाचा. मग मार्च १८०२ च्या कायद्याने सैन्य कमी केलं आणि त्याच कायद्याने वेस्ट पॉइंटची अकादमी काढली. आज आपल्या सत्तरी तालुक्यातला नाहीतर पेडण्याचा पोरगा लष्करी अधिकारी व्हायला यूपीएससीचा पेपर देतो, एसएसबीच्या निवड चाचण्यांना पाच दिवस काढतो, आणि मेरिट लिस्टमध्ये नाव बघतो, कुणाचं पत्र न नेता. ही व्यवस्था आपोआप आलेली नाही हे त्या जुन्या याद्या वाचताना फार जाणवतं.

वही कशी ठेवायची ते थोडक्यात. एका माणसाला एक पान. वर नाव, राज्य, पत्राची तारीख, कुणाला लिहिलं. खाली मागितलेलं पद, शिफारस करणारे, आणि मग निकाल. निकाल शोधताना घाई नको, नाव सुचवलं म्हणजे पद मिळालं असं नाही, सिनेटची संमती बघा, ती सिनेटच्या कार्यकारी जर्नलमध्ये तारखेसकट आहे आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर मिळते, आणि त्यानंतर माणसाने स्वीकारलं का तेही बघा, कारण मिळालेलं पद नाकारणारेही बरेच होते. एकाच नावाचे बाप-लेक, काका-पुतणे असतात, राज्य आणि गाव जुळल्याशिवाय दोन कागद एका पानावर चिकटवू नका.

सुरुवातीला एकच राज्य घ्या, एकाच राज्याची १७९८ ची यादी, आणि त्यातली ज्यांना पद मिळालं नाही अशी चार-पाच नावं आधी उचला. मिळालेल्यांची चरित्रं कुठं ना कुठं असतातच, नाकारलेल्यांचं मात्र कधी कधी तेवढं एकच पत्र उरलेलं असतं, आणि त्याला काय पाहिजे होतं, कुणी त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि शेरा काय पडला, हे तीन कागद एकत्र लावले की तुमच्या डेझर्टेशनचं पहिलं प्रकरण तयार होतं.